संगणक तयार घ्यावा की जुळवून? आधी दुरुस्तीवाला शोधा!

गावोगावी शेतकरी गट झाले, त्यातून शेतकरी उत्पादक कंपन्या उभ्या राहिल्या, आणि आम्हा विस्ताराचे काम करणाऱ्यांच्या वाट्याला एक नवाच प्रश्न येऊ लागला. पूर्वी गावात गेले की लोक बोंडअळीचे विचारत, खताचे विचारत, बियाणे कोणते घ्यावे ते विचारत. आता बैठक आटोपली, चहा झाला की अध्यक्ष बाजूला घेतात अन् म्हणतात, "साहेब, ऑफिसला कॉम्प्युटर घ्यायचाय. ब्रँडेड घ्यावा का असेंबल करून घ्यावा?"

मी काही संगणकशास्त्राचा पदवीधर नाही. कृषी पदविकेचा माणूस. पण सजातल्या गावांत फिरताना कोणत्या कार्यालयातला संगणक रोज चालतो आणि कोणत्या कार्यालयातल्या संगणकावर टॉवेल पांघरलेला असतो, एवढे डोळ्यांना दिसते. त्यावरून माझे जे मत झाले ते इथे मांडतो. ब्रँडेड की असेंबल हा प्रश्न दुसऱ्या नंबरचा आहे. पहिला प्रश्न असा, की तो बंद पडला तर कोण येणार, किती दिवसांत येणार आणि तोवर काम कसे चालणार? याचे उत्तर आधी शोधले, तर दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा आपोआप मिळते.

पैसा सभासदांचा आहे

कुणी म्हणेल, एका संगणकासाठी एवढा खल कशाला? तर त्याचे कारण असे. घरच्या पोराला घेतलेला संगणक चार दिवस बंद राहिला तर पोरगं रुसेल, दुसरे काही होणार नाही. गटाचे तसे नाही. शेतकऱ्यांनी शेअरपोटी पैसे दिलेले असतात. कुणी दुधाच्या पगारातून दिलेले असतात, कुणी तुरीच्या पट्टीतून. त्या पैशातून घेतलेली वस्तू नेमकी सोयाबीनच्या खरेदीच्या आठवड्यात बंद पडली, तर वजनाच्या पावत्या अडतात, बँकेत पाठवायची यादी अडते, आणि शेतकऱ्याचा पैसा अडतो. रब्बीच्या पेरणीला पैसे हवे असताना "कॉम्प्युटर बंद हाय" हे उत्तर ऐकून सभासद परत जातो, तो पुढच्या वर्षी व्यापाऱ्याकडे जातो. गटावरचा विश्वास एकदा गेला की तो कुठल्या दुकानात विकत मिळत नाही.

शिवाय कायद्याच्या तारखा आहेत. जीएसटीचे मासिक विवरण वेळेत गेले नाही तर दिवसागणिक विलंब शुल्क चढते. कंपनी कायद्याखालच्या वार्षिक फॉर्मना उशीर झाला तर एकेका फॉर्ममागे दिवसाला १०० रुपये मोजावे लागतात. संगणक दुरुस्तीला गेला होता, हे कारण तिथे चालत नाही.

विकास सोसायट्यांची गोष्ट थोडी वेगळी. २९ जून २०२२ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने देशातील ६३ हजार प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाला २ हजार ५१६ कोटी रुपये खर्चाची मंजुरी दिली. या योजनेतून सोसायटीला संगणक येतो तेव्हा निवड आपल्या हाती फारशी नसते. पण उत्पादक कंपनी, बचत गटांचा प्रभागसंघ, दूध संकलन केंद्र, कृषी सेवा केंद्र यांना निवड आपली आपणच करायची आहे. हे लिखाण मुख्यतः त्यांच्यासाठी.

डीएपीचे पोते आणि सुपर-युरियाचा हिशेब

तयार संगणक आणि जुळवलेला संगणक यांतला फरक शेतकऱ्याला समजावायला मला खताचे उदाहरण बरे वाटते. डीएपीच्या ५० किलोच्या एका पोत्यात ९ किलो नत्र आणि २३ किलो स्फुरद असते. पोते आणले, टाकले, झाले. तेवढेच अन्नघटक सिंगल सुपर फॉस्फेटची तीन पोती आणि सुमारे २० किलो युरिया यांतूनही मिळतात, वर गंधक पदरात पडते. म्हणजे सरळ खते घेऊन आपल्या जमिनीला हवे तसे जुळवता येते. पण त्यासाठी हिशेब यावा लागतो, माती परीक्षणाचा कागद हातात लागतो, आणि सुपर व युरिया एकत्र कालवून ठेवले तर त्याला पाणी सुटते हेही ठाऊक असावे लागते. ज्याला हे माहीत आहे त्याने जुळवावे. ज्याला माहीत नाही आणि विचारायलाही कुणी नाही, त्याने तयार पोते घ्यावे. त्यात कमीपणा काही नाही.

संगणकाचे हुबेहूब तसेच. प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, पॉवर सप्लाय म्हणजे एसएमपीएस, कॅबिनेट आणि मॉनिटर अशी सात प्रमुख अंगे. ती वेगवेगळी घेऊन स्क्रूड्रायव्हरने एकत्र बसवली की झाला असेंबल्ड संगणक. एखाद्या कंपनीने तेच आपल्या कारखान्यात बसवून, वर विंडोज टाकून, आपले नाव लावून दिले की झाला ब्रँडेड. आतला माल जवळजवळ सारखाच. पण इथेही सुपर-युरियासारखे न जुळणारे प्रकार आहेत. डीडीआर-४ जातीची रॅम डीडीआर-५ च्या मदरबोर्डात बसत नाही, खाचच वेगळी असते. प्रत्येक प्रोसेसर प्रत्येक बोर्डात बसत नाही. इंटेलच्या काही प्रोसेसरच्या आकड्यापुढे 'एफ' अक्षर असते, जसे १२१०० आणि १२१००-एफ. 'एफ'वाला जरा स्वस्त दिसतो, पण त्यात पडद्यावर चित्र दाखवण्याची सोय नसते, ग्राफिक कार्ड वेगळे घ्यावे लागते. कोटेशनमध्ये एक अक्षर कमी-जास्त झाले की स्वस्तातला महाग पडतो.

'असेंबल म्हणजे स्वस्त' हा जुना हिशेब

आपल्याकडे अजून एक समज पक्का आहे, की असेंबल केला म्हणजे निम्म्यात काम होते. नव्वदच्या दशकात यात बरेच तथ्य होते. त्या वेळी नामांकित कंपनीचा संगणक घेणे म्हणजे मोठ्या कचेऱ्यांचे काम. बाकीची मंडळी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून नाहीतर दिल्लीच्या नेहरू प्लेसमधून सुटे भाग आणून जुळवून घेत. पुढे १९९७ साली भारत माहिती तंत्रज्ञानाच्या जागतिक व्यापार करारात सामील झाला आणि संगणक व त्याच्या सुट्या भागांवरचे आयात शुल्क टप्प्याटप्प्याने उतरत गेले. कंपन्या घाऊक भावाने भाग उचलतात, विंडोजचा परवानाही घाऊक भावात घेतात. त्यामुळे आज साध्या कार्यालयीन कामाचा तयार संगणक आणि सगळ्या पावत्यांसह, परवान्यासह जुळवलेला संगणक यांच्या किमतीत फार मोठी दरी राहत नाही. कधी कधी तयारच स्वस्त पडतो.

मग असेंबलवाला दहा हजारांनी कमी कसा देतो? तर बहुतेक वेळा तीन ठिकाणी कात्री लागलेली असते. विंडोजचा परवाना नसतो, चोरीची प्रत टाकलेली असते. पॉवर सप्लाय नाव नसलेला, हलका असतो. आणि पक्के बिल नसते. या तिन्हींचा फटका उशिरा बसतो, म्हणून घेताना गोड लागते. संस्थेने चोरीची प्रत वापरणे हा गुन्हा तर आहेच, पण त्यातून शिरलेला व्हायरस सगळे हिशेब घेऊन जातो तेव्हा तक्रार कुणाकडे करणार? अन् पक्के बिल नसेल तर जीएसटी नोंदणी असलेल्या कंपनीला भरलेल्या १८ टक्के कराची जमा मागण्याचाही मार्ग उरत नाही.

एक गोष्ट मात्र जुळवणाऱ्यांच्या बाजूने खरी. चार वर्षांनी रॅम वाढवायची, एसएसडी मोठी टाकायची, एसएमपीएस बदलायचा, तर जुळवलेल्या टॉवरमध्ये ते तालुक्याच्या दुकानात होते. ब्रँडेडच्या अनेक मॉडेलांत पॉवर सप्लाय आणि मदरबोर्ड कंपनीच्या खास मापाचे असतात. बाजारातला साधा एसएमपीएस तिथे बसत नाही. आपल्याकडच्या विजेच्या लहरीपणात आधी एसएमपीएसच जातो. वॉरंटी संपल्यावर तो गेला, तर कंपनीकडून मागवा आणि वाट बघा. ब्रँडेडचे हे दुखणे विक्रेता आपणहून सांगत नाही, आपण विचारावे लागते.

वारणेने काय शिकवले

दुरुस्तीचा मुद्दा मी एवढा लावून धरतो त्याला महाराष्ट्रातलाच एक मोठा अनुभव आहे. १९९८ साली वारणानगर परिसरातील सुमारे ७० गावांत 'वायर्ड व्हिलेज' नावाचा प्रकल्प सुरू झाला. गावात संगणक, त्यावर उसाच्या नोंदी, वजने, खताचा हिशेब, बाजारभाव, सगळे मिळणार. कल्पना काळाच्या पुढची होती आणि वारणेसारखी भक्कम सहकारी संस्था पाठीशी होती. तरीही काही वर्षांनी अभ्यास झाला तेव्हा दिसले, की संगणकांचा खरा उपयोग मुख्यतः उसाच्या नोंदी पाहण्यापुरता उरला आहे आणि तेवढ्यासाठी गावोगावचे संगणक चालते ठेवणे जड जाते आहे. मग मायक्रोसॉफ्टच्या बंगळुरूच्या संशोधन विभागाने काही गावांत संगणकाऐवजी साध्या मोबाईलच्या एसएमएसवर तीच माहिती देण्याचा प्रयोग केला. तो लोकांना आवडला.

या अनुभवातून दोन धडे घेण्यासारखे आहेत. पहिला, जे काम मोबाईलवर होते त्यासाठी संगणक घेऊ नये. २०२१ च्या १५ ऑगस्टपासून राज्यभर सुरू झालेली ई-पीक पाहणी मोबाईलच्या ॲपवरच होते. बाजारभाव, हवामान मोबाईलवर दिसते. नुसता सातबारा काढायला घरात संगणक नको. संगणक लागतो तो हिशेब ठेवायला, बिले छापायला, विवरणे भरायला, प्रकल्प अहवाल करायला. दुसरा धडा, संगणक घेण्याचा खर्च एकदाच असतो, तो चालता ठेवण्याचा खर्च दरवर्षी असतो. आपल्या ठरावात पहिला खर्च असतो, दुसरा कधीच नसतो.

लॅपटॉप का नको, असेही विचारले जाते. लॅपटॉपला बॅटरी असते, वीज गेली तरी चालतो, हे खरे. पण तो टेबलावर राहत नाही. आज सचिवाच्या घरी, उद्या लग्नाला, परवा बिघडलेला. सर्वांचे हिशेब असलेली वस्तू कार्यालयातच असलेली बरी.

ट्रॅक्टर घेताना काय बघतो?

ट्रॅक्टर घेताना आपण शोरूमची चकाकी बघत नाही. तालुक्याला त्याचा मिस्त्री कोण, स्पेअर पार्ट कुठे मिळतो, गावात तो ट्रॅक्टर आणखी कुणाकडे आहे, हे बघतो. पेरणीच्या दिवशी ट्रॅक्टर उभा राहिला तर काय होते हे आपल्याला कळते. मग संगणकाच्या बाबतीतच हे शहाणपण कुठे जाते?

तयार संगणक घेणार असाल तर 'ऑनसाइट वॉरंटी' हा शब्द ऐकून हुरळून जाऊ नका. आपल्या गावचा पिनकोड त्या सेवेत येतो का, ते आधी विचारा आणि लेखी घ्या. काही मॉडेलांना एक वर्षाची असते, काहींना तीन वर्षांची. तीन वर्षांची घ्यावी, थोडे जास्त पैसे गेले तरी. जुळवून घेणार असाल तर वॉरंटी प्रत्येक भागाची वेगळी असते. बरेचदा ती तीन वर्षे किंवा त्याहून जास्तही असते, म्हणजे कागदावर ब्रँडेडपेक्षा सरस. पण भाग बिघडला की तो काढून दुकानदाराकडे न्यायचा, त्याने तो जिल्ह्याला नाहीतर पुण्या-मुंबईला पाठवायचा, आणि बदलून येईपर्यंत आठवडे जायचे. तेवढ्या काळात दुकानदार पर्यायी भाग लावून देईल का? देणारे दुकानदार आहेत. गिऱ्हाईक टिकवायचे म्हणून तालुक्याचा दुकानदार हे करतो, शहरातला अनोळखी विक्रेता करत नाही. म्हणून असेंबल करायचे तर तालुक्यातच करावे, दोन हजार वाचवायला दूरच्या शहरात जाऊ नये.

आणि वॉरंटी कुठलीही असो, ती यंत्राची असते, आतल्या हिशेबांची नसते. डिस्क गेली तर कंपनी नवी डिस्क देईल, सभासदांची खाती देणार नाही. दर आठवड्याला हिशेबाची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी आणि ती डिस्क कार्यालयात न ठेवता अध्यक्षांच्या घरच्या कपाटात ठेवावी.

तीन कोटेशनचे नाटक

संस्थांच्या खरेदीत तीन दरपत्रके मागवून सर्वात कमी दराला मंजुरी देण्याची रीत आहे. हेतू चांगला, पण संगणकाच्या बाबतीत तिचे नाटक होते. एक जण लिहितो 'आय-३ संगणक, ८ जीबी', दुसरा लिहितो 'आय-५ संगणक', तिसरा नुसताच 'कॉम्प्युटर संच'. कुठल्या पिढीचा प्रोसेसर, कुठला बोर्ड, नवा की जुना, परवाना आहे की नाही, काहीच नाही. म्हणजे एकाने संकरित बियाण्याचा भाव दिला, दुसऱ्याने घरच्या बियाण्याचा, आणि आपण कमी भाव बघून सही केली!

माझे म्हणणे असे, की आधी आपण यादी ठरवावी आणि मग तिघांकडून त्याच यादीचे दर मागावेत. हिशेब, बिले, विवरणे एवढ्या कामाला चालू पिढीचा साधा प्रोसेसर, ज्यात पडद्याची सोय आतच आहे, १६ जीबी रॅम, निदान ८ आणि एक खाच रिकामी, ५१२ जीबी एसएसडी, नामांकित कंपनीचा ४५० वॉटचा एसएमपीएस, विंडोजचा अस्सल परवाना, आणि यूपीएस. प्रत्येक भागाचे नाव, मॉडेल आणि वॉरंटी कोटेशनमध्ये लिहिलेली हवी. दर किती दिवस टिकेल तेही हवे. कारण २०२५ च्या शेवटच्या महिन्यांत रॅमचे भाव झपाट्याने चढले. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मोठमोठ्या डेटा सेंटरांना मेमरी चिप लागू लागल्या आणि कारखान्यांचा माल तिकडे वळला. अशा बाजारात बैठक पुढच्या महिन्यावर ढकलली की जुना कागद कामाचा राहत नाही.

बियाणे घेतल्यावर पावती, टॅग आणि पिशवी सुगीपर्यंत जपून ठेवा, असे आम्ही दर खरिपाला सांगतो. उगवण झाली नाही तर तक्रारीला तेच पुरावे लागतात. इथेही तेच. बिल संस्थेच्या नावाने, त्यावर प्रत्येक भागाचा सिरियल नंबर, आणि खोकी माळ्यावर. दुरुस्तीला गेलेल्या संगणकातली रॅम परत येताना बदललेली असू शकते. नंबर लिहून ठेवले असतील तर पकडता येते.

जुना स्वस्तातला घेताना

सध्या शहरातल्या कचेऱ्यांतून निघालेले वापरलेले संगणक 'रिफर्बिश्ड' म्हणून गावोगावी विकायला येतात. सगळेच वाईट नसतात. पण १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार मायक्रोसॉफ्टने थांबवला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचे साधारण आठव्या पिढीपासूनचे प्रोसेसर चालतात. मोठ्या कचेऱ्यांनी जुने संगणक काढून टाकण्याचे हे एक मोठे कारण. प्रोसेसरचा आकडा वाचायला शिका. आय-५ ६५०० म्हणजे सहावी पिढी, आय-५ ८५०० म्हणजे आठवी, १२४०० म्हणजे बारावी. बैल घेताना दात बघतो, तसे हे दात समजा. सहाव्या पिढीचा आय-५ 'आय-५ आहे हो!' म्हणून गळ्यात मारला जातो, आणि बँकेचे व्यवहार त्यावरच चालतात. हे धोक्याचे आहे.

खोली आणि वीज आधी

ब्रँडेड असो की असेंबल, आपल्याकडे संगणक मरतो तो विजेने, धुळीने आणि उंदरांनी. तीन पिनचे सॉकेट असते पण अर्थिंगची पिन कशालाच जोडलेली नसते, असे प्रकार सर्रास आहेत. वायरमनकडून मीटर लावून बघून घ्यावे. न्यूट्रल आणि अर्थिंग यांच्यात दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त दिसू नयेत. अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी घालावे. साधा ६०० व्हीएचा यूपीएस संगणकाला दहा-पंधरा मिनिटे देतो. ती काम करत बसायला नाहीत, काम जतन करून बंद करायला आहेत. इन्व्हर्टर असेल तर त्यावर 'यूपीएस मोड'चे बटण असते, ते त्या बाजूला हवे. वळवाच्या पावसात विजा चमकू लागल्या की प्लग आणि इंटरनेटची वायर दोन्ही काढावीत.

आणखी एक. अनेक गटांच्या कार्यालयातच खताचे गोदाम असते. युरियाच्या थप्पीला टेकून संगणक ठेवलेला मी पाहिला आहे. खत हवेतली ओल ओढते, त्याची भुकटी उडते आणि आतले धातूचे जोड गंजतात. मग ब्रँड काय करणार? संगणकाची खोली वेगळी असावी. निदान मध्ये भिंत असावी.

मग घ्यावा कोणता?

आता माझे मत स्पष्ट सांगतो. आपल्या कार्यालयापासून तासाभराच्या अंतरावर भरवशाचा दुरुस्तीवाला आहे, तो पर्यायी भाग लावून देतो असे त्याचे दोन जुने गिऱ्हाईक सांगतात, आणि आपल्या गटात कॅबिनेट उघडून आत बघण्याची भीती नसलेला एखादा मुलगा किंवा मुलगी आहे, अशी स्थिती असेल तर संगणक जुळवूनच घ्यावा. पक्क्या बिलाने, परवान्यासह आणि त्याच दुरुस्तीवाल्याकडून. पैसा तालुक्यात राहतो, कसब तालुक्यात राहते आणि पाच वर्षांनी तोच संगणक थोड्या खर्चात पुन्हा तरुण होतो. यांपैकी एकही गोष्ट नसेल तर तयार घ्यावा. तोही उभा टॉवर, पडद्यातच सगळे बसवलेला 'ऑल-इन-वन' नव्हे. आणि तीन वर्षांच्या, पिनकोड तपासलेल्या ऑनसाइट वॉरंटीचा. ऑल-इन-वन टेबलावर शोभतो, पण पडदा गेला की सगळेच गेले.

मधली स्थिती असेल, म्हणजे दुरुस्तीवाला आहे पण गटात जाणणारे कुणी नाही, तर पहिली तीन वर्षे तयार घेऊन काढावीत आणि तेवढ्यात एकाला तयार करावे. आयटीआयमध्ये हार्डवेअर दुरुस्तीचे शिक्षण मिळते. गावात ते घेतलेली पोरे असतात, ती कामासाठी शहराकडे बघत बसतात. तालुक्यातल्या आठ-दहा उत्पादक कंपन्यांनी आणि दूध संस्थांनी मिळून अशा एखाद्याला वर्षाचे देखभालीचे काम ठरवून दिले, तर त्याच्या घरी चूल पेटेल आणि आपले संगणक चालतील. कुठल्याही ब्रँडच्या वॉरंटीपेक्षा ही वॉरंटी मला मोठी वाटते.

तेव्हा पुढच्या बैठकीत संगणकाचा विषय निघाला, तर ठरावात तीन ओळी जास्त लिहा. दुरुस्ती कोण करणार त्याचे नाव, वर्षाच्या देखभालीसाठी किती रक्कम बाजूला काढली तो आकडा, आणि हिशेबाची दुसरी प्रत कुणाच्या घरी राहणार ते. या तीन ओळी भरता आल्या तर संगणक घ्या, ब्रँडेड घ्या की असेंबल घ्या. भरता आल्या नाहीत तर पैसे बँकेतच राहू द्या, आणि आधी त्या ओळी भरण्याच्या मागे लागा.

(लेखक कृषी विभागात विस्ताराचे काम करतात. मते वैयक्तिक.)